बाबांचं कागदी पाऊल

नमस्कार श्रोतेहो. आज पायांबद्दल बोलायचं आहे. साठी-सत्तरी ओलांडलेल्या, संध्याकाळ झाली की ठणकायला लागणाऱ्या पायांबद्दल, आणि अशा पायांना कोणता बूट घ्यावा याबद्दल. पण आधी माझ्या बाबांची गोष्ट सांगते.

बाबा रोज फिरायला जायचे. मग ते दिवसाआड झालं, मग फक्त कोपऱ्यापर्यंत, आणि एके दिवशी बूट दाराशी तसेच पडून राहिले. विचारलं की म्हणायचे, "वय झालं, पाय दुखणारच." करंगळीवर भोवरी झाली होती. सकाळी उठल्यावर टाच टेकवत नव्हती. आम्ही एका वर्षात तीन जोड आणले, एकापेक्षा एक मऊ. तिन्ही चावले. दर वेळी बाबा दुकानात बसल्या जागेवरून सांगायचे, "8 नंबर द्या." नोकरीला लागले तेव्हापासून त्यांचा नंबर 8. त्यानंतर माप कधी घेतलंच नव्हतं.

एका संध्याकाळी मी जुन्या कॅलेंडरचं पान फरशीवर उलटं पसरलं आणि म्हटलं, "बाबा, यावर जरा उभे राहा." ते खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. मी पेन्सिल सरळ उभी धरून पावलाभोवती रेघ मारली, आधी उजव्या, मग डाव्या. दोन्ही पावलं कात्रीनं कापली. मग बुटातला सुखतळा बाहेर काढला आणि कागदाचं पाऊल त्यावर ठेवलं.

मावेना. अंगठा पुढे आलेला, आणि करंगळीची बाजू तर बोटभर बाहेर! बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "एवढं पाऊल मी एवढ्यात कोंबत होतो?" मला फार वाईट वाटलं. तीन जोड आणले आम्ही, पण त्यांच्या पायाकडे घरातल्या कुणीच वाकून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कागदी पावलं घेऊन दुकानात गेलो. उजवं पाऊल 9, डावं साडेनऊ, आणि दोन्ही रुंद. आम्ही मोठ्या पायाच्या मापाचा जोड घेतला. टाचेचं दुखणं काही लगेच गेलं नाही, त्याला व्यायाम करावा लागला. पण भोवरी घासायची थांबली, आणि बाबा पुन्हा कोपऱ्याच्या पुढे जायला लागले.

असं का होतं? पावलात 26 हाडं असतात. त्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध वयानुसार सैलावतात, तळव्याची कमान खाली बसते, पाऊल लांब आणि रुंद होतं. टाचेखालची चरबीची गादी पातळ होते. शिवाय दिवसभरात पाय थोडे सुजतात. म्हणून माप संध्याकाळी घ्या, उभं राहून घ्या, दोन्ही पायांचं घ्या. पुन्हा सांगते: संध्याकाळी, उभं राहून, दोन्ही पायांचं.

आणि हो, प्रत्येक घराच्या, प्रत्येक दवाखान्याच्या दाराशी बसायला एक स्टूल असायलाच हवं. म्हातारं माणूस भिंतीला धरून एका पायावर नाडी बांधताना दिसलं की माझा जीव खालीवर होतो. पडून हाड मोडलं, तर मग कुठला बूट आणि कुठलं फिरणं!

आता बुटाकडे. मऊ म्हणजे आधार देणारा, असं समजू नका. बुटाची टाचेमागची भिंत दाबून बघा, ती सहज दबता कामा नये. बूट वाकवा. तो चवड्यापाशी वाकावा, मधोमध नाही. ओलं कापड पिळतो तसा पिळून बघा, त्यानं विरोध केला पाहिजे. सगळ्यांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. नाडी किंवा वेल्क्रो असला तर सूज आली की सैल करता येतो.

टिकण्याचं म्हणाल, तर खालचं रबर शाबूत दिसलं तरी मधला फोम आधीच बसलेला असतो. बूट टेबलावर ठेवून मागून बघा. एका बाजूला कलला असेल तर त्याचं काम संपलं. दोन जोड आलटून पालटून वापरा, म्हणजे आतला ओलावा वाळतो. आणि नवा जोड वर्षानुवर्षं खोक्यात जपून ठेवू नका. पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकच्या सोलचा हवेतल्या दमटपणानं न वापरताही भुगा होतो.

मधुमेह असलेल्यांनी विशेष ऐका. पायाची संवेदना कमी झाली असेल तर बूट चावलेला कळत नाही. घालण्याआधी आत हात फिरवून बघा. बधिरपणा किंवा जखम दिसली तर आधी डॉक्टर, बूट नंतर.

बाबांची ती कागदी पावलं कपाटाच्या खणात आहेत, वर तारीख घातलेली. गेल्या महिन्यात ते स्वतःच नवं पान आणि पेन्सिल घेऊन आले. म्हणाले, "ती जुनी झाली. परत काढ."