उंबऱ्यापलीकडची पाटी

श्रोतेहो, नमस्कार. १८८२ साली आजच्याच तारखेला, २४ मार्चला, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. जंतू सापडला, पण त्याला मारणारे औषध हाती यायला आणखी साठांहून अधिक वर्षे जावी लागली. त्या काळात पुण्यात गेलेल्या दोन स्त्रिया मला नेहमी एकदमच आठवतात. एक तुम्हा सर्वांच्या परिचयाची : फिलाडेल्फियाहून वैद्यकीची पदवी घेऊन परतलेल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची २२ वर्षेही पुरी होण्याआधी, क्षयाने गेलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी. दुसरी माझी आजी. तिला मी पाहिलेले नाही. जे सांगते आहे ते माझ्या वडिलांकडून ऐकलेले आहे.

आजी १६व्या वर्षी शनिवार पेठेतल्या वाड्यात सून म्हणून आली आणि १८व्या वर्षी तिला मुलगा झाला. १९४१च्या पावसाळ्यात, ती २१ वर्षांची असताना, रोज दिवेलागणीला तिला कणकण येऊ लागली. अडुळशाचा काढा झाला, मधातून सितोपलादी चूर्ण झाले, वसंतमालती झाली. अंग मात्र वाळतच गेले, आणि एका पहाटे मोरीत चूळ भरताना तिला रक्त दिसले. घरात नणंदेचे लग्न व्हायचे होते. त्यामुळे क्षय हा शब्द उच्चारायचा नाही, कोणी विचारलेच तर ‘बारीक ताप येतो’ एवढेच सांगायचे, असे ठरले. भेटायला येणाऱ्या मैत्रिणींना मात्र काय समजायचे ते समजले आणि त्यांचे येणे हळूहळू थांबले.

त्या काळी डॉक्टरांच्या हाती विश्रांती, मोकळी हवा आणि पौष्टिक खाणे याखेरीज फारसे काही नव्हते. ज्यांना परवडे ते पाचगणीला किंवा मिरजेला हवापालटासाठी जात. आजोबांनी कर्ज काढून तिला चार महिने मिरजेला ठेवले. बरगड्यांच्या मधून सुई घालून छातीत हवा भरायची, म्हणजे आजारी फुप्फुस दबून त्याला विसावा मिळतो, असा एक उपचार तेव्हा रूढ होता आणि काही रोग्यांना त्याचा गुणही येई. आजीचे फुप्फुस बरगडीला आतून चिकटलेले निघाले, त्यामुळे हवा भरता आली नाही. पैसेही संपले, आणि ती घरी आली.

वाड्यात तिला मागची काळोखी खोली मिळाली. पेला आणि ताटली वेगळी काढली गेली. इतर भांड्यांत मिसळू नये म्हणून पेल्याच्या बुडावर खिळ्याने फुली कोरलेली होती. पणजीबाई दुष्ट नव्हत्या. नातवाला जपायचे तर जे जमेल ते केले पाहिजे, एवढेच त्यांना कळत होते, आणि फुलीचा पेला त्या स्वतःच राखेने घासत. पण क्षय भांड्यांतून पसरत नाही. तो खोकल्याबरोबर उडणाऱ्या अगदी बारीक कणांतून पसरतो, आणि कोंदट, बंद खोलीत ते कण तासन् तास तरंगत राहतात. उन्हात जंतू टिकत नाही. पेल्याची एवढी काळजी घेणाऱ्या घराने तिला ठेवले मात्र खिडकी नसलेल्या खोलीत, हे आठवले की आजही माझ्या जिवाला लागते.

मुलाला खोलीचा उंबरा ओलांडायची मनाई होती. अक्षरे आपणच शिकवायची, असा आजीने हट्ट धरला. तिने हात लावलेली पाटी बाळाला द्यायची तर आधी फिनेलच्या पाण्याने पुसावी लागे, आणि पुसली की त्यावरचे अक्षरही जाई. म्हणून ती अंथरुणावर बसून पाटीभर एकच अक्षर काढी आणि दोन्ही हातांनी पाटी उचलून धरी. बाबा उंबऱ्याअलीकडे बसून बोटाने जमिनीवर ते गिरवीत. हात थरथरू लागले की पाटी मांडीवर टेकवून ती दम घेई आणि पुन्हा उचली. अशी मुळाक्षरे ‘ळ’पर्यंत झाली.

ऑक्टोबर १९४३ मध्ये अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात, सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुण संशोधकाने स्ट्रेप्टोमायसिन, म्हणजे क्षयाच्या जंतूला मारणारे औषध, वेगळे केले. जानेवारी १९४४ मध्ये ते जगाला कळले. आजी त्याच फेब्रुवारीत गेली. ते औषधही एकटे पुरे पडले नाही, कारण जंतू त्याला सरावत; १९५२ साली आयसोनियाझिड आले आणि औषधे एकत्र देण्याची रीत बसली, तेव्हा कुठे रोगी खात्रीने बरे होऊ लागले.

या सगळ्यात मला सर्वांत जवळची गोष्ट मद्रासची आहे. तिथे १९५६पासून काही रोग्यांना सॅनिटोरियममध्ये, म्हणजे क्षयरोग्यांच्या इस्पितळात, आणि काहींना त्यांच्या गरीब, दाटीवाटीच्या घरीच औषधे देऊन पाहिली गेली. १९५९ साली निष्कर्ष आला : घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना लागण अधिक झाली नाही. म्हणजे नीट औषध सुरू असले तर आईला मुलापासून तोडायची गरज नव्हती. आज क्षयाचे औषध घेणारी आई बाळाला अंगावर पाजू शकते. थुंकीत जंतू असतील तेवढे दिवस तिने तोंडाला मास्क बांधायचा असतो.

आजीचे अंथरूण, लुगडी, फुलीचा पेला, सगळे नदीकाठी नेऊन टाकले गेले. पाटी बाबांनी लपवली होती. ती आता माझ्याकडे आहे. लाकडी चौकटीच्या दोन्ही बाजूंना, उचलून धरताना जिथे तिची बोटे येत, तिथला रंग गेलेला आहे.