याकुझापटातलं प्रेम जातं कुठे?

मंडळी, याकुझापट, म्हणजे जपानी गुंडटोळ्यांवरचे चित्रपट म्हटलं की गोंदवलेली पाठ, तलवार आणि रक्त एवढंच डोळ्यांपुढे येतं. प्रेमाचा विषय काढला की जाणकारही हसतात. तिथं बाईला काम काय, दारात उभं राहून डोळे पुसायचं! मला हे पटत नाही. या चित्रपटांत प्रेम भरपूर आहे, फक्त आपण बघतो त्या जागी ते नसतं.

साठच्या दशकात तोएई या जपानी चित्रपट कंपनीने असे चित्रपट धडाक्याने काढले. साचा ठरलेला. जुन्या वळणाचा इमानी नायक अपमानावर अपमान गिळतो आणि शेवटी तलवार उचलतो. त्याच्यावर जीव असलेली बाई ‘जाऊ नका’ म्हणते, तो जातो. 1965 साली सुरू झालेल्या ‘शोवा झांक्योदेन’ चित्रपटमालिकेत नायक ताकाकुरा केन असा निघतो आणि वाटेत दुसरा नट इकेबे ऱ्यो त्याला येऊन मिळतो. दोघे खांद्याला खांदा लावून, फारसं न बोलता, शत्रूच्या घराकडे चालत राहतात. मागे ताकाकुराच्याच आवाजातलं गाणं. प्रत्यक्ष मारामारीपेक्षा या चालण्यावर प्रेक्षकांचा जीव.

हे चालणं रंगभूमीवरून आलंय. नाटककार चिकामात्सूचं ‘सोनेझाकी शिंजू’ 1703 साली ओसाकात कठपुतळ्यांच्या रंगमंचावर आलं. सोया सॉसच्या दुकानातला नोकर तोकुबेई आणि गणिका ओहात्सू एकत्र मरायला रात्री रानाकडे निघतात. पहाटेच्या सात टोल्यांपैकी सहा झालेत; उरलेला एक ऐकला की या जन्मातलं ऐकणं संपलं. तोएईने तीच वाट उचलली आणि प्रेयसीच्या जागी दुसरा पुरुष आणून उभा केला. प्रेमप्रसंगाला कात्री लागलीच नाही, पात्र तेवढं बदललं. याला नेमकं कोणतं प्रेम म्हणायचं, यावर वाद घालणारे खुशाल घालोत. मला तर ही पटकथाकारांची चलाखी वाटते.

बाई स्वतःच जुगारी असेल तर? ‘हिबोतान बाकुतो’ ही 1968 ते 1972 मधली आठ चित्रपटांची मालिका. त्यात फुजी जुन्को ओऱ्यू झाली आहे, खांद्यावर लाल पिओनीच्या फुलाचं गोंदण. 1970 च्या भागात दिग्दर्शक कातो ताई तिला टोकियोतल्या आसाकुसाजवळच्या एका पुलावर, बर्फ पडत असताना, नट सुगावारा बुन्तासमोर उभी करतो. तो निघालाय. वाटेत खायला म्हणून ती त्याला संत्री देते. एक संत्रं निसटतं आणि बर्फावर घरंगळत जातं. कॅमेरा कातोच्या सवयीप्रमाणे जवळजवळ जमिनीला टेकलेला, म्हणून ते फळ पडद्यावर भलतंच मोठं वाटतं. मिठी नाही, कबुली नाही. पांढऱ्या पडद्यावर तेवढाच एक नारिंगी ठिपका. जपानी रसिक अजून या प्रसंगाबद्दल बोलत असतात, आणि उगीच नाही. (जुन्कोने 1972 साली एका काबुकी नटाशी लग्न करून निवृत्ती घेतली, तेव्हा कंपनीने तिच्या निरोपासाठी वेगळा चित्रपट काढला. निर्माता तिचे वडीलच!)

1973 साली दिग्दर्शक फुकासाकू किंजीच्या हिरोशिमातल्या टोळ्यांवरच्या मालिकेने या सगळ्या इमानाची चिरफाड केली. तिथं जो तो दुसऱ्याला विकायला बसलेला, प्रेमाला उसंत कुठली? मग 1986 साली टोळीवाल्यांच्या बायकांवरच चित्रपट आला. नवरा तुरुंगात, कारभार बायकोच्या हातात. ती भूमिका इवाशिता शिमाची. शिमा ही दिग्दर्शक शिनोदा मासाहिरोची पत्नी, आणि आज आपण बघणार आहोत तो ‘कावाइता हाना’ शिनोदाचाच, 1964 चा.

यातही इकेबेच आहे. खून करून तीन वर्षांची शिक्षा भोगून आलेला मुराकी. जुगाराच्या अड्ड्यावर त्याला साएको (कागा मारिको) भेटते. श्रीमंत घरची, तरुण, हरली तरी चेहरा न उतरणारी. धाड पडते तेव्हा दोघं प्रेमिकांचं सोंग घेऊन एका अंथरुणात शिरतात, आणि पुढे काहीच होत नाही. तोएईच्या नायकाला बाई थोपवते. मुराकीला पुन्हा खून करायचाय, तर तो साएकोला तो बघायला बोलावतो. तिला देण्यासारखं त्याच्यापाशी दुसरं काही नाही. मला हा प्रसंग सगळ्या याकुझापटांतला सर्वांत उघडा प्रणय वाटतो, आणि सर्वांत भयंकरही. मागे गोळ्या-किंकाळ्यांऐवजी इंग्रज संगीतकार पर्सेलचा ऑपेरा वाजतो.

अड्ड्यावर चालणारा फुलांच्या चित्रांच्या पत्त्यांचा खेळ कळला नाही तरी अडत नाही. डाव कोण जिंकतंय ते सोडा, कागा मारिकोचे डोळे कुणाकडे वळतात तेवढं बघा. चित्रपट संपला की प्रश्न घेऊ.