झोपून चालवायची सायकल आणि १९३३ चा तो विक्रम

तर मंडळी, शार्ल मोशे नावाचा एक फ्रेंच माणूस, छोट्या गाड्या बनवायचा. त्याच्या मुलाला, जॉर्जला, सायकल हवी होती, पण आई म्हणाली सायकल नको, पडेल पोरगा. मग मोशेनं त्याला चार चाकांची पायडलवाली गाडी करून दिली. ती गाडी इतकी पळायला लागली की मोठी माणसंच मागं लागली, आम्हालाही द्या म्हणून, आणि त्यातून दोन माणसांची 'वेलोकार' आली. पण चारचाकी वळणावर त्रास द्यायची, म्हणून १९३२ च्या सुमारास यानं ती सरळ मधोमध अर्धी केली असं समजा, आणि दोन चाकांची आडवी सायकल तयार!

आता ही दिसायची कशी? चाकं छोटी, पाठीला टेकू असलेली सीट, आणि पायडल पुढं, सीटपेक्षाही थोडी वर. माणूस रेलून बसणार आणि पाय पुढं मारणार. यात जादू काही नाही हो, साधी सायकल जोरात मारताना आपली बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, वेग दुप्पट केला तर हवेसाठी लागणारी ताकद जवळपास आठपट होते, त्यामुळे शरीर आडवं केलं की तेवढंच समोरून कमी दिसतं आणि पाय तेच असून गाडी पुढं जाते.

मोशे हुशार, त्यानं आधीच सायकलिंगची जागतिक संघटना यूसीआयला विचारून ठेवलं होतं, हे चालेल का म्हणून. चालेल म्हणाले. ७ जुलै १९३३ ला फ्रान्सिस फोर, म्हणजे ट्रॅकवर शर्यती करणारा, पण पहिल्या फळीतला नव्हे असा सायकलपटू, या आडव्या सायकलवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर गेला. ऑस्कर एगचा ४४.२४७ चा विक्रम १९१४ पासून कुणाला हलला नव्हता, तो यानं मोडला! आणि पुढच्याच महिन्यात मॉरिस रिशारनं साध्या सायकलवर ४४.७७७ केले. म्हणजे फोरपेक्षा कमीच की, पण मग विक्रम कुणाचा?

१९३४ मध्ये यूसीआयनं सायकल म्हणजे काय याची व्याख्याच बदलली. सीटचं टोक पायडलच्या मधल्या धुरीच्या मागं १२ सेंटीमीटरपर्यंतच, वगैरे. आडवी सायकल बाद, रिशार विक्रमवीर. मला विचाराल तर शर्यत माणसांची असावी, यंत्रांची नको, हा मुद्दा अगदीच खोटा नाही, पण आधी हो म्हणायचं आणि जिंकल्यावर नियम बदलायचे, हे काही बरं नाही राव. मोशे त्याच वर्षी वारला.

फोर मात्र थांबला नाही, १९३९ मध्ये मोशेच्या दोन चाकांच्या आडव्या सायकलवर हवा कापणारं कवच चढवून तासाला ५०.५३७ केले. साध्या सायकलवर पन्नाशी गाठायला १९८४ उजाडलं, इटलीच्या मोझरनं मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत, बंद डिस्कची चाकं लावून ती केली, आणि पुढे यूसीआयनं त्याचाही विक्रम उचलून वेगळ्याच रकान्यात टाकला.