नाव भुकेचं, काम जागं ठेवायचं

पोटात कावळे ओरडत असले की डोळ्याला डोळा लागत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आता उलट बघा. दोन रात्री धड झोप झाली नाही, की तिसऱ्या दिवशी नुसती खा-खा सुटते. असं का होतं? ही गोष्ट मी एका फसलेल्या नावापासून सुरू करतो.

साल 1998. दोन संशोधक गटांना, एकमेकांना पत्ता नसताना, मेंदूत एकच रसायन सापडलं. एका गटानं त्याला ‘हायपोक्रेटिन’ म्हटलं. साकुराई आणि यानागिसावा यांच्या गटानं नाव दिलं ‘ओरेक्सिन’. ग्रीकमध्ये ओरेक्सिस म्हणजे भूक. नाव उगाच नव्हतं दिलं! हे रसायन मेंदूत सोडलं की उंदीर जास्त खायचे. ते बनवणाऱ्या पेशी होत्या मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या कडेच्या भागात, आणि तो भाग भुकेचं केंद्र म्हणून आधीपासूनच प्रसिद्ध.

मग 1999 मध्ये ओरेक्सिन अजिबात न बनवणारे उंदीर तयार केले. उंदीर रात्रीचा प्राणी, म्हणून अंधारात कॅमेरा लावला. दिसलं काय? चांगले धावपळ करणारे उंदीर मधेच गपकन कोसळत होते. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या मिन्यो यांच्या गटानं दाखवलं, की उभ्या उभ्या झोपेत कोसळणाऱ्या डॉबरमन कुत्र्यांमध्ये याच रसायनाचा संदेश घेणारा रिसेप्टर बिघडलेला असतो. आणि 2000 मध्ये कळलं, की नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा आजार, झालेल्या माणसांच्या मेंदूत या पेशी जवळजवळ नाहीशाच झालेल्या असतात. मेंदूत सुमारे 8600 कोटी चेतापेशी आहेत, आणि ओरेक्सिन बनवणाऱ्या एक लाखसुद्धा नाहीत. तेवढ्या गेल्या, तर माणसाला दिवसभर जागं राहणं जमत नाही.

मग नाव चुकलं का? मला नाही वाटत, आणि इथेच खरी मजा आहे. या पेशी शरीरात अन्न किती आहे याची खबर ठेवतात. रिकाम्या पोटातून येणारं ग्रेलिन हे हार्मोन त्यांना चेतवतं. चरबीतून येणारं लेप्टिन हे हार्मोन आणि रक्तातली साखर त्यांना शांत करतात. उंदराला उपाशी ठेवलं, की तो झोप सोडून हिंडायला लागतो, अन्न शोधतो. या पेशी काढून टाकलेला उंदीर? तो उपाशी असूनही तसा जागत नाही. म्हणजे ओरेक्सिन सांगतं, ‘पोट रिकामं आहे, झोपतोस काय, ऊठ!’

(थोडं थांबून) जाता जाता एक कोडं. ओरेक्सिन नसलेली माणसं बारीक असायला हवीत ना? नार्कोलेप्सीच्या रुग्णांचं वजन उलट सरासरीपेक्षा जास्त असतं. कारण हे रसायन हालचाल आणि शरीरातली उष्णताही वाढवतं, म्हणजे ऊर्जेचा खर्चही तेच करवतं.

आता झोप कमी पडली की काय होतं ते बघू. 2004 मध्ये शिकागो विद्यापीठात 12 निरोगी तरुणांना एकदा दोन रात्री फक्त 4 तास झोपू दिलं, आणि दुसऱ्या खेपेला दोन रात्री 10 तास. कमी झोपेनंतर लेप्टिन 18 टक्क्यांनी घटलं, ग्रेलिन 28 टक्क्यांनी वाढलं, आणि भूक 24 टक्क्यांनी. ओढ होती ती मुख्यतः गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची. हा प्रयोग सगळीकडे सांगितला जातो, पण माणसं फक्त 12, तेही सगळे पुरुष, आणि नंतरच्या प्रयोगांत हार्मोनचे आकडे दरवेळी असे आलेले नाहीत. झोप कमी झाली की खाणं वाढतं, हे मात्र पुन्हा पुन्हा दिसलंय.

म्हणून मला 2022 चा प्रयोग जास्त आवडतो. वजन जास्त असलेली 80 माणसं, सगळी साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणारी. त्यातल्या निम्म्यांना झोप कशी वाढवायची एवढंच सांगितलं. आहाराबद्दल चकार शब्द नाही, सगळे आपापल्या घरी. झोप साधारण सव्वा तासानं वाढली. आणि दोन आठवड्यांत, दुसऱ्या गटाच्या तुलनेत, त्यांच्या पोटात रोज सुमारे 270 कॅलरी कमी जात होत्या.