हरलेल्यांचा एकच देव

सायनाच्या वाळवंटात कुंतिलेत अजरुद नावाची टेकडी आहे. १९७५ साली तिथे उत्खनन सुरू झालं आणि भलेमोठे रांजण हाती लागले, सुमारे २८०० वर्षांपूर्वीचे. त्यातल्या एकावर तांबड्या शाईत आशीर्वाद लिहिलाय : शोमरोनचा (इस्राएलच्या राजधानीचा) याहवे आणि त्याची अशेरा यांच्या नावाने.

याहवे म्हणजे इस्राएलांचा देव. अशेरा ही त्याच भूमीतल्या जुन्या कनानी लोकांची देवी. इथे अशेरा म्हणजे देवी, की तिच्या नावाचा लाकडी खांब, यावर अभ्यासक अजून भांडतात. पण देवाशेजारी आणखी कुणी होतं, हे रांजण सांगतोच.

यरुशलेमच्या मंदिरातही अशेरेची मूर्ती होती. बायबल सांगतं, तिथल्या योशीया राजाने ती बाहेर काढली, किद्रोनच्या ओढ्याकाठी जाळली आणि तिची राख केली. हा काळ इ.स.पू. ६२२च्या सुमाराचा. राजाज्ञेने मूर्ती जळते. माणसाच्या मनातली देवी एवढ्याने जात नाही.

मग इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं, लोकांना बाबेलला धरून नेलं. त्या काळचा हिशेब सरळ होता : राजा हरला की त्याचा देवही हरला. बाबेलचा मार्दुक जिंकला होता. या लोकांनी मार्दुकाला हात जोडले असते, तर कुणाला नवल वाटलं नसतं.

तिथेच बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथातला एक आवाज उठतो. तो म्हणतो, आपला देव हरलेला नाही, आपल्याला शिक्षा त्यानेच केली. मग बाबेलची फौजही त्याचीच. आणि सगळ्या राजांना हलवणारा तोच असेल, तर मार्दुकाला उरलं काय? ‘मीच परमेश्वर आहे, दुसरा कोणी नाही.’ मला हे धाडस थक्क करतं. हे सांगणाऱ्याकडे ना राज्य होतं, ना मंदिर.

सगळ्यांना ते लगेच पटलं नाही. नाईलमधल्या एलेफंटाईन बेटावर यहुदी शिपायांची वस्ती होती. त्यांच्या वर्गणीची यादी पपायरसवर मिळाली आहे, इ.स.पू. ४००च्या आसपासची. वर्गणी याहू, म्हणजे याहवे, देवासाठी, आणि अनात-बेथेल देवीसाठीही!

कोकणात तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे यहुदी, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांची परंपरा सांगते, हिब्रू विसरली, पण एक प्रार्थना तोंडात राहिली : ‘शमा इस्राएल’. हे इस्राएला, ऐक. परमेश्वर आपला देव आहे, परमेश्वर एकच आहे.