व्हेंटिलेटरचा दाब आणि हृदयाचं संप्रेरक

श्रोतेहो, नमस्कार. आपण आपला श्वास घेतो तेव्हा छातीतला दाब उतरतो आणि शिरांमधलं रक्त हृदयाकडे ओढलं जातं. व्हेंटिलेटरवर नेमकं उलट होतं. मशीन हवा आत ढकलतं, छातीतला दाब चढतो आणि परतणारं रक्त अडतं. हवा ढकलली की रक्त अडतं, एवढं ध्यानात ठेवा.

आता गोष्ट कॅनडातल्या किंग्स्टनची, 1981 सालची. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतल्या पेशींत बारीक कण असतात, हे 1950च्या दशकापासून ठाऊक होतं. ते कशासाठी, हे कोडं मात्र सुटेना. मूळचे अर्जेंटिनाचे संशोधक अडोल्फो डी बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयाचे वरचे कप्पे वाटून त्यांचा अर्क काढला आणि भूल दिलेल्या उंदरांच्या शिरेत सोडला. लघवी झपाट्याने वाढली, दहापट! आणि लघवीतून जाणारं सोडियम तीसपटीहून जास्त! मग खालच्या कप्प्यांचा अर्क तसाच देऊन पाहिला. काही नाही. हृदय मूत्रपिंडाला हुकूम सोडतं, याचा हा पुरावा. असे प्रयोग शाळेत तारखांसह शिकवावेत. आपल्याकडे मुलं नुसत्या आकृत्या घोकतात.

या संप्रेरकाचं नाव एएनपी. वरचा कप्पा ताणला की ते सुटतं. श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब, म्हणजे पीप, 5 सेंटिमीटर पाण्यावरून 15 वर नेला, की कप्प्यात रक्त कमी येतं, ताण घटतो, एएनपी घटतं, लघवी उतरते. फसगत होते ती इथे: सीव्हीपीचा, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतल्या दाबाचा, आकडा मात्र चढलेला दिसतो, कारण छातीतला दाब हृदयाला बाहेरून दाबतो. आकडा चढला, पण हृदय भरलं नाही. पुन्हा सांगतो, आकडा चढला, पण हृदय भरलं नाही. तो आकडा पाहून लघवी वाढवणारं इंजेक्शन दिलं तर रक्तदाब आणखी कोसळतो.

म्हणून आयसीयूतल्या सिस्टर आणि डॉक्टर मंडळींना सांगणं: पीप दोन-दोनने वाढवा, दर वेळी रक्तदाब बघा. लघवी तासातासाला मोजा. 60 किलोच्या रुग्णाची तासाला 30 मिलिलिटरच्या खाली गेली तर थांबून विचार करा. दम्याच्या रुग्णाची हवा आत कोंडून रक्तदाब एकदम पडला, तर नळी मशीनपासून क्षणभर सोडवा, हवा निघू द्या.

मशीन काढताना सगळं उलटतं. अडलेलं रक्त एकदम परततं, डाव्या कप्प्यावरचा भार वाढतो. हृदय कमजोर असेल तर फुप्फुसात पाणी भरतं, बीएनपी, म्हणजे ताणलेल्या हृदयातून सुटणारं एएनपीचं भावंड, चढतं. म्हणून टी-पीसवरच्या, म्हणजे मशीनच्या दाबाशिवाय नळीतून रुग्ण स्वतः श्वास घेतो त्या चाचणीच्या, पहिल्या अर्ध्या तासात रुग्णाजवळून हलू नका.