जोडी जमते ती पाण्याबाहेर पडताना

क्षार कसे तयार होतात, कसे विरघळतात आणि द्रावणात एकमेकांशी कसे वागतात, असा आजचा विषय आहे. शेवटचा भाग आधी घेतो, कारण तो शाळेपासून मला सलतोय.

परीक्षेत प्रश्न होता: सोडियम क्लोराइड आणि पोटॅशियम नायट्रेट यांची द्रावणं एकत्र केली तर काय होईल? मी लिहिलं, काही होणार नाही. शून्य गुण! अपेक्षित उत्तर होतं सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम क्लोराइड. दुहेरी विस्थापन म्हणजे दोघांनी जोडीदार बदलायचे, की झालं समीकरण. मी पेपर घेऊन बाईंकडे गेलो. म्हटलं, बाई, प्रयोगशाळेत करून पाहिलंय. रंग नाही, बुडबुडा नाही, गाळ नाही. बाई म्हणाल्या, पुस्तकात आहे तसं लिही. मी आजही तेच उत्तर लिहीन.

कारण पाण्यात जोड्या उरतच नाहीत. मिठाचा स्फटिक नुसत्या उष्णतेने वितळवायचा तर ८०१ अंश सेल्सिअस लागतात. पाणी त्यातले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, साध्या तापमानाला सुटे करतं. पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण, हायड्रोजनची किंचित धन. सोडियमभोवती रेणू ऑक्सिजन आत करून उभे राहतात, क्लोराइडभोवती हायड्रोजन आत करून. माझ्या नळीत असे चार प्रकारचे आयन सुटे फिरत होते. मिसळण्याआधीही सुटे, नंतरही सुटे.

आता तेच मिश्रण आटवा. गरम असताना आधी सोडियम क्लोराइडचे स्फटिक पडतात. ते गाळून उरलेलं द्रावण थंड करा, पोटॅशियम नायट्रेटच्या सुया दिसू लागतात, कारण त्याची विद्राव्यता थंडीत झपाट्याने घटते. कोण कोणाबरोबर जाणार, ते बाहेर पडताना ठरतं. आणि हे पाहा, मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब. पडल्या जागी पांढरा, दह्यासारखा गाळ. सिल्व्हर क्लोराइड लिटरभर पाण्यात जेमतेम दोन मिलिग्रॅम विरघळतं. ही खरी अभिक्रिया. सोडियम आणि नायट्रेट नुसते प्रेक्षक.

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ अर्‍हेनियसचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८८४ साली उप्साला विद्यापीठात त्याच्या प्रबंधाला अगदी खालची श्रेणी मिळाली. वीज सोडण्याआधीच आयन सुटे असतात, हे त्याने १८८७ साली नीट मांडलं, आणि १९०३ साली त्याच कामासाठी त्याला नोबेल मिळालं. त्या श्रेणीचा मला अजून राग येतो.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आलीय, म्हणून क्षार कसे तयार होतात ते भराभर सांगतो. तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी यांची विरल द्रावणं मिसळा. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड घ्या, नाहीतर नायट्रिक आम्ल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड. उष्णता दर मोलला तीच, सुमारे ५७ किलोज्यूल! क्षार वेगळे, मग उष्णता एकच का? कारण दोन्हीकडे घडतं एकच: हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयनांचं पाणी होतं. क्षार जन्मतो नंतर, ते पाणी आटल्यावर.

आणि काही आयन पाण्यालाही सोडत नाहीत. कार्बोनेट पाण्यातला हायड्रोजन ओढून घेतो, मागे हायड्रॉक्साइड उरतो. हा लाल लिटमस सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतोय. पुढच्या रांगेतल्यांनी जवळ या, कड निळी व्हायला लागलीय.